उताण्या हाताचा दगड

ओ, निळ्या टोपीवाले, पाय जरा मागे घ्या. कशावर उभे आहात ते खाली बघा तरी. हात आहे तो.

हां, आता नीट बघा. आपल्या लहानपणी शाळेत पाटी असायची ना, त्याच जातीचा दगड हा. त्याच्यावर पंजा कोरलाय. पाच बोटं, मनगट, आणि तळव्याच्या मधोमध खोलगट जागा. सकाळपासून या खोऱ्यात तुम्ही चार बुरूज पाहिलेत आणि चारही बुरुजांवर दाराच्या वर पंजा होता, उभा, बोटं आभाळाकडे. ती इकडच्या गवंड्यांची सही. बुरूज पुरा झाला की गवंडी दगडावर आपला हात ठेवायचा आणि कडेकडेने छिन्नी मारायचा. आमचा हा अर्खीलो गावचा बुरूज तेवढा बिनपंजाचा. सगळीकडून फिरून बघा, नाही सापडणार. त्याचा पंजा इथे आहे, बुरुजापासून साठ पावलांवर, वाटेच्या कडेला, जमिनीसरसा, उताणा.

खालच्या गावातले गाईड तुम्हाला सांगतील की हा सूर्यदेवाचा हात आहे, पाच हजार वर्षांचा. थापा आहेत सगळ्या. वरच्या कड्यावर चक्रं आणि हरणं कोरलेली शिळा आहे, ती खरी जुनी. किती जुनी ते शहरातून येणारे संशोधकही छातीठोकपणे सांगत नाहीत. हा हात तितका जुना नाही. हा कुणाचा ते गावाला माहीत आहे. म्हणजे, माहीत आहे असं गाव म्हणतं. मी मूळची फलटणची, घोरपड्यांची रजनी. जॉर्जियात डॉक्टरकी शिकायला आले, नुगझारशी लग्न केलं आणि या डोंगरात येऊन बसले, त्याला एकतीस वर्षं झाली. ही हकिगत मला सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूने. मी चांगली उलटतपासणी घेतलेली आहे. काही ठिकाणी अजूनही माझं समाधान झालेलं नाही. पण बसा त्या कठड्यावर, सांगते.

फार मागे, या खोऱ्यात राजा नाही आणि पोलीस नाही अशा काळात, डोंगराच्या अलीकडचे पलीकडे जायचे आणि पलीकडचे अलीकडे यायचे. मेंढ्या पळवायला. मेंढ्यांबरोबर माणसंही मरायची. दोन्हीकडचे आपल्याच लोकांना साधू म्हणायचे, ते सोडा. धाड आली की ज्याचा बुरूज त्याने बायकापोरांना घेऊन आत शिरायचं, शिडी ओढून घ्यायची आणि वरून दगड मारायचे. ज्याला बुरूज नाही त्याने शेजाऱ्याच्या दारात उभं राहून हाका मारायच्या.

आता बुरूज आहे ना, त्याच्या शेजारी इमेदा नावाच्या म्हाताऱ्याचं घर होतं. इमेदा आंधळा. त्याचा एकुलता एक मुलगा आणि सून. सुनेचं नाव सबेदो. त्यांना बुरूज नव्हता. एका धाडीत ही तिघं शेजारच्या बाकूरच्या बुरुजाखाली धावत आली. बाकूर म्हणजे गावचा कारभारी, ज्याच्या शब्दाबाहेर गाव जात नसे असा माणूस. त्याने वरून पाहिलं आणि शिडी सोडलीच नाही. का, तर यांच्या पाठोपाठ शत्रू असेल, यांना घेताना तोही आत येईल. सबेदोने सासऱ्याला ओढत ओढ्याच्या कपारीत लपवलं. नवरा मागे राहिला तो त्या बुरुजाच्या दाराखालीच मेला. सकाळी बाकूर खाली उतरला आणि म्हणाला, म्हणे, “मला काय ठाऊक मागे कोण होतं?” खरंच भ्यायला असेल. किंवा नसेलही. शेजारी शेजारी राहणारी माणसं एकमेकांचं काय काय मनात धरून असतात, ते तुम्हा पुण्यामुंबईवाल्यांना मी सांगायला नको.

सबेदोने ठरवलं की परत कुणाच्या दाराखाली उभं राहायचं नाही, आपला बुरूज हवा. पण अलीकडचा एकही गवंडी तयार होईना. घरात कर्ता पुरुष नाही, बाईच्या शब्दावर बुरूज कसा चढवायचा? असं ते म्हणत. त्यांच्या तोंडून बाकूर बोलत होता असं सासूबाई म्हणायच्या. तेव्हा सबेदोने एक गोष्ट केली जी या गावातल्या कुणा बाईने आधी केली नव्हती. बर्फ वितळायला लागल्यावर ती एकटी खिंड चढून पलीकडे उतरली. तिथे जोकोला नावाचा गवंडी होता. त्याच्या हाताचा बुरूज भूकंपातही हलत नाही अशी त्याची ख्याती. सबेदोने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि त्याच्या उंबऱ्यावर ठेवला.

इकडे बाईने डोक्यावरचा रुमाल खाली टाकला की उपसलेली तलवार म्यानात जाते. उंबऱ्यावर ठेवला तर पुरुषाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर सात पिढ्या तोंड काळं. जोकोलाने रुमाल उचलला, तिला परत दिला आणि हत्यारांची पिशवी खांद्याला मारली.

आता गंमत बघा. ज्या धाडीत सबेदोचा नवरा मेला ती जोकोलाच्याच कुळातल्या लोकांनी घातलेली. ते दोघांनाही ठाऊक. त्या धाडीत जोकोला स्वतः होता का? सासूबाई ठाम सांगायच्या, नव्हता. शेजारच्या घरातली म्हातारी सांगते, होता. मी दोघींना समोरासमोर बसवून विचारलं होतं एकदा. दोघी भांडल्या आणि आठ दिवस बोलल्या नाहीत.

बुरुजाचे दोन नियम होते, ते लक्षात घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. पहिला, ज्या वर्षी पाया त्याच वर्षी कळस. पहिला बर्फ पडायच्या आत माथ्यावरचा दगड बसला नाही तर बुरूज पाडायचा. दुसरा, गवंड्याला पोटभर जेवू घालायची जबाबदारी घरमालकाची. गवंडी वरून पडला तर तो उपाशी होता, त्याला घेरी आली, असंच धरायचे. पोट भरलेला गवंडी पडत नाही, ही इकडची म्हण. मग त्या घरमालकाला गावाबाहेर काढायचं. साधं बाहेर नाही, खोऱ्याच्या बाहेर. मी डॉक्टर म्हणून सांगते, पोट भरलेली माणसंही पडतात. पण त्या काळी ते कोण ऐकणार?

पाया घालून जोकोला कामाला लागला. सगळं गाव डोळ्यांत तेल घालून बघत होतं. बाकूर म्हणायचा, हा शत्रूचा माणूस आपल्या वाटा आणि पाणवठे पाहून जातोय. बायका म्हणायच्या, तरणी विधवा परक्या पुरुषाला घेऊन आली, दगडच रचतोय का बघा. सबेदोही काही भाबडी नव्हती. हा माणूस बुरुजात मुद्दाम एखादी कच्ची जागा ठेवील, आणि पुढच्या धाडीत त्याचे लोक नेमके तिथेच पहार घालतील, ही शंका तिलाही होती. प्रत्येक थर झाला की ती दगड हाताने हलवून बघायची. जोकोला ते बघायचा आणि पुढचा दगड उचलायचा.

ती मात्र रोज दोन वेळा त्याला भाकरी न्यायची. भट्टीतली जाड रोटी असते इकडे, मी आपली भाकरीच म्हणते. भाकरी, चीज, असेल तर लोणी. घरात जे होतं त्यातलं चांगलं ते त्याचं, मग सासऱ्याचं, आणि राहिलं तर तिचं. उन्हाळा सरेपर्यंत तिच्या गालांची हाडं वर आली होती. बायका ओढ्यावर कुजबुजायच्या, हिच्याच घरात खायला नाही, ही गवंड्याला काय घालते देव जाणे.

जोकोला जेवायला खाली कधी बसला नाही. भाकरी घ्यायचा, मान लववायचा आणि घेऊन वर चढायचा. वर वारा बरा लागतो म्हणायचा. त्याच्या कमरेला भाजलेल्या जवाच्या पिठाची एक पिशवी असायची, आपल्या सातूसारखं पीठ. ते गवंडी जवळ ठेवतातच, म्हणून कुणी विशेष मानलं नाही. आंधळा इमेदा दिवसभर बुरुजाच्या बुडाशी उन्हाला बसलेला असायचा. एकदा तो सुनेला म्हणाला, “हा माणूस जेवताना ऐकू येत नाही गं मला.” सबेदो म्हणाली, तीन मजले वर आहे तो, कसं ऐकू येईल? म्हातारा पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसला. पाहुण्याबद्दल शंका बोलून दाखवणं हे इकडे पाप आहे. मनात ठेवायला हरकत नाही, सगळे ठेवतातच.

पाच मजले झाले. माथ्याचं निमुळतं छप्पर झालं. शिखरावर सर्वांत शेवटी एक टोकदार दगड बसतो, तो तेवढा राहिला. शिखरांवर ढग उतरायला लागले होते, दोन-चार दिवसांत बर्फ पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्या दिवशी सगळं गाव शेवटचा दगड बघायला जमलं. जोकोला दोराला दगड बांधून वर चढला, उभा राहिला, आणि उभ्या उभ्या डोलला. मग पडला. अंगावरच्या लोकरीच्या जाड घोंगड्याने आणि परांचीच्या लाकडाने त्याचा जीव वाचवला म्हणतात. पण दोन्ही पाय गेले. लोकांनी घोंगडं काढलं तेव्हा आत नुसता सापळा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला.

पुरावाच तो. वेगळा कशाला हवा? त्याला उचलून या दगडावर आणून ठेवलं, कारण पडलेल्या गवंड्याला त्या घरात न्यायचं नाही अशी रीत. तिथेच बाकूरने गावाची बैठक भरवली आणि निकाल दिला. सबेदोने गवंड्याला उपाशी मारलं. बर्फ पडायच्या आत तिने सासऱ्याला घेऊन खोऱ्याबाहेर जावं. घर आणि बुरूज गावाकडे. गावाकडे म्हणजे कुणाकडे, तर बुरूज बाकूरच्या भिंतीला लागून होता. मी काही म्हणत नाही, तुम्हीच बघा, तो तिथे पडका चौथरा दिसतोय तो बाकूरचा.

सबेदो ओरडली, रडली नाही. ती म्हणाली, मी रोज दोन वेळा भाकरी दिली, याला विचारा. सगळ्यांनी जोकोलाकडे पाहिलं. जोकोला शुद्धीवर होता. त्याने तोंड फिरवलं.

ती त्याच्या जवळ जाऊन बसली. “तू खाल्लंस की नाही, एवढंच सांग. दुसरं काही नको,” असं तिने तीनदा विचारलं म्हणे. तो दगडाकडे बघत राहिला. का बोलला नाही ते पुढे कळेल, पण त्या क्षणी गावाला वाटलं की बिचारा मरताना यजमानिणीची लाज राखतोय. लोकांचे डोळे भरून आले. वाटतं ना कधी कधी, गर्दीचे डोळे भरून आले की धावत सुटावं?

दोन दिवसांची मुदत होती. तिने बोचकं बांधलं. आंधळ्या माणसाला घेऊन, बर्फ तोंडावर असताना, खिंडीतून कुठे जाणार होती ती? खाली उतरेपर्यंत म्हातारा टिकला नसता, कदाचित तीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी असताना तिला काळे डोंगरकावळे दिसले, बुरुजाच्या चौथ्या मजल्यावर, भिंतीच्या फटीत चोची घालताना. दगडात कावळ्यांना काय मिळतंय? आणि तिला सासऱ्याचं ते बोलणं आठवलं, हा माणूस जेवताना ऐकू येत नाही.

बुरुजाची भिंत दुहेरी असते. बाहेरचे दगड, आतले दगड, आणि मध्ये भर. खडी, चुरा, जे असेल ते. सबेदोने पहार घेतली आणि शिडीवरून चौथ्या मजल्यापर्यंत चढली. लोक धावत आले. बाकूरने खालून ओरडून विचारलं की काय करतेस. ती म्हणाली, “भिंत उघडते. माझी भाकरी आत आहे.” लोक हसले. कुणीतरी म्हणालं, हिला वेड लागलं, जाता जाता बुरूज पाडून जाणार. तिने पहार एका मोठ्या दगडाखाली घातली आणि जोर लावला. दगड हलला. वरून माती गळायला लागली.

तेव्हा या इथून, या दगडावरून, जोकोला ओरडला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

“तो नको! तो भाराचा दगड आहे, सगळं अंगावर येईल तुझ्या! खालचा घे! डावीकडून तिसरा!”

ओरडला आणि मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. गावालाही कळलं. कारण कुठला दगड काढू नये हे कुठलाही गवंडी सांगेल. पण कुठला काढल्यावर भाकरी सापडेल, हे ज्याने ती ठेवली त्यालाच माहीत असणार.

सबेदोने डावीकडून तिसरा दगड काढला. आतून भाकऱ्या पडल्या. एकामागून एक, वाऱ्याने वाळून खापरासारख्या झालेल्या, काही उंदरांनी कुरतडलेल्या, काही आख्ख्या, तिच्या बोटांचे ठसे अजून कडेला असलेल्या. उन्हाळाभराची रोजची भाकरी बुरुजाच्या भिंतीत थराथराने होती. अन्न जमिनीवर टाकायचं नाही हे जोकोलालाही आईने शिकवलेलं, म्हणून त्याने ते फेकलं नव्हतं.

मग त्याने सांगितलं. त्याच्या लोकांनी तिचा नवरा मारला. असं असून ही बाई त्याच्याच दारात येऊन रुमाल ठेवते. त्याला वाटलं, ही सूड घ्यायला बोलावतेय. बुरूज बांधून घेईल आणि शेवटी भाकरीतून विष घालील. कधी घालील ते कळणार नाही, म्हणून एकही खायची नाही. पीठ होतं तोवर पीठ खाल्लं, मग रानातला चुका, बोरं, ओढ्याचं पाणी. आणि हे गावासमोर कबूल करणं म्हणजे मी यजमानाच्या भाकरीला विष म्हणालो असं कबूल करणं. पलीकडच्या लोकांत यापेक्षा मोठी बेअब्रू नाही. त्यापेक्षा मेलेलं बरं असं त्याने ठरवलं होतं. आपण मेलो तर ती खोऱ्याबाहेर जाईल आणि तीही मरेल, एवढा विचार त्याने केला नव्हता. किंवा केला होता आणि तरी गप्प बसला. मला विचाराल तर दुसरंच.

इथे संपायला हवं होतं, पण बाकूर होता ना. बाकूर म्हणाला, “याला संशय आला म्हणजे काहीतरी कारण असेल. कशावरून त्यात विष नव्हतं?” आणि खरं सांगते, लोकांनी माना डोलावल्या. संशयाला काय, बसायला पाटही लागत नाही.

सबेदो खाली उतरली. पडलेल्यातली एक भाकरी तिने उचलली, दगडावर आपटून दोन तुकडे केले. एक बाकूरसमोर धरला. बाकूरने हात मागे घेतला. तिने दुसऱ्या तुकड्याला दात लावले. सगळं गाव उभं आणि ती खातेय. चावली जात नव्हती ती भाकरी, ओढ्याच्या पाण्यात बुडवून बुडवून तिने खाल्ली, कण न् कण. मग बाकूरने न घेतलेला तुकडाही खाल्ला. म्हातारा इमेदा चाचपडत आला आणि जमिनीवरून एक भाकरी उचलून तोही खायला बसला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, दोघांना काही झालं नाही. लोक एकेक करून निघून गेले. माफी कुणी मागितली नाही. बाकूरने फक्त निरोप पाठवला की निकाल मागे घेतला आहे.

माथ्याचा दगड अजून राहिलाच होता आणि आभाळ गच्च भरलं होतं. जोकोला इथे आडवा, पाय तुटलेले. तो इथून ओरडून सांगत गेला आणि सबेदोने वर चढून तो दगड स्वतः बसवला. उतरली तेव्हा तिच्या केसांवर पहिला बर्फ होता, असं सांगतात. वेळेचं इतकं अचूक जमलं असेल का? मी विचारलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढे विचारलं नाही.

मग जोकोला म्हणाला, मला उचलून दारापर्यंत न्या, बुरूज पुरा झाला, पंजा कोरायचा आहे. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम होतं ते. सबेदो म्हणाली, “माझ्या अन्नावर ज्या हाताने संशय घेतला तो हात माझ्या भिंतीवर नको.” एवढंच. कितीही विनवलं तरी ती बधली नाही. म्हणून तो जिथे आडवा होता तिथेच त्याने, याच दगडावर, आपला हात कोरला. उभा नाही, उताणा. मागणाऱ्याचा असतो तसा. मधला खळगा त्याने वर्षानुवर्षं खोल करत नेला म्हणतात.

वर्षानुवर्षं, कारण तो परत गेलाच नाही. खिंड बंद झाली, आणि उघडली तेव्हा पाय खिंडीचे राहिले नव्हते. त्याचे लोकही न्यायला आले नाहीत. बातमी पोचली असणार. या दगडाशेजारी त्याने एक खोपट रचलं आणि गावासाठी बसल्या बसल्या दगड घडवत राहिला. आणि सबेदो रोज, पुन्हा सांगते, रोज, त्याला भाकरी आणायची. त्याच्यासमोर उभी राहायची, भाकरी मोडायची, पहिला घास स्वतः खायची, गिळायची, तोंड उघडून दाखवायची, आणि मग उरलेली त्याच्या हातावर ठेवायची. एक शब्द नाही. तो मान खाली घालून खायचा.

आता हा राग होता की दया? मी इतकी वर्षं विचार करतेय. रोज एखाद्याला त्याच्या गुन्ह्याची आठवण करून देणं म्हणजे शिक्षाच की. पण उपाशी तर तिने त्याला एक दिवस ठेवलं नाही. इमेदा गेला, बाकूर गेला. दोन धाडी आल्या, बुरुजाचा चिराही हलला नाही. दुसऱ्या धाडीत तिने शिडी खाली सोडून निम्मं गाव आत घेतलं, बाकूरच्या सुनांसकट. जोकोलाला मात्र घराच्या उंबऱ्याच्या आत कधी बोलावलं नाही. बावीस वर्षं.

मग एका सकाळी सबेदो आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती तापाने पडली होती आणि दार बंद होतं. गावाला कळलं नव्हतं, ती एकटीच राहायची. जोकोलाने जवळच्या जवाच्या पिठाची भाकरी केली. त्याने जन्मात भाकरी केलेली नव्हती, एका बाजूने करपली आणि दुसरीने कच्ची राहिली. ती छातीशी धरून तो निघाला, कोपरांवर, पाय ओढत. साठ पावलं आहेत, तुम्ही आत्ताच चालून आलात. त्यात सकाळची दुपार झाली असं सांगतात. ज्या भिंतीवर त्याला हात ठेवू दिला नव्हता त्या भिंतीला धरून तो तिच्या घराच्या दारापर्यंत पोचला, दार ढकललं, आणि उंबरा ओलांडून तिच्या अंथरुणापाशी गेला.

सबेदोने डोळे उघडले. जोकोलाने भाकरी मोडली आणि रीतीप्रमाणे पहिला घास स्वतःच्या तोंडाकडे नेला. तिने खाऊन दाखवलं तसं आता त्याने खाऊन दाखवायचं, तो हिशेब त्याला पाठ होता.

तिने त्याचं मनगट धरलं.

“राहू दे, भावा,” ती म्हणाली. आणि त्याच्या हातातला तो घास तिने तसाच खाल्ला, करपलेला, कच्चा, न चाखलेला.

ती त्या तापातून उठली की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. उठली म्हणणारे तिच्या पुढच्या आठ वर्षांच्या गोष्टी सांगतात. नाही म्हणणारे म्हणतात की तो शेवटचा घास होता, आणि जोकोलाने बहीण म्हणून तिला माती दिली. माझं मन अजून दोन्हीकडे धावतं. पण त्या घासाबद्दल मात्र गावात कुणाचं दुमत नाही. एकतीस वर्षांत मला तेवढी एकच गोष्ट अशी सापडली.

आजही अर्खीलोत पाहुणा आला की यजमान त्याच्यासमोर भाकरी मोडतो आणि पहिला घास स्वतः खातो. पाहुण्याने ते मुकाट्याने बघायचं आणि मग खायचं. पण ज्या दिवशी तुम्हाला वाटेल की या घरावर आता आपला पुरता विश्वास बसला, त्या दिवशी यजमानाचं मनगट धरायचं आणि घास तसाच घ्यायचा. तो दिवस कुठला ते कुणी सांगत नाही, आणि एकदा मनगट धरलं की त्या घराशी मरेपर्यंत नातं. मला हे लग्नानंतर कुणी समजावलंच नव्हतं. सासूबाई माझ्यासमोर रोज आधी घास खायच्या, आणि मला वाटायचं ही बाई मला परकी समजते, हिचा माझ्यावर विश्वास नाही. अकरा वर्षं मी मनात अढी धरून जेवले. ही गोष्ट त्यांनी बाराव्या वर्षी सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी मोडली, घास उचलला, आणि मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात घट्ट दाबून धरला तेव्हा मला कळलं, अकरा वर्षं त्याच वाट बघत होत्या. संशय त्यांच्या मनात नव्हताच, तो माझ्याच ताटात होता.

चला, उठा आता. भट्टी पेटलेली आहे, भाकरी गरम आहे. पहिला घास मी खाणार, राग मानू नका. तुमची माझी ओळख आज सकाळची.